लोहाला बाहेरचा रस्ता नाही: थॅलेसेमियाची शंभर वर्षं

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित अवतार. लोकलच्या गोंगाटात काही वाक्यं निसटली असतील, तर इथे निवांत वाचा.

आजची गोष्ट माझ्या हॉस्टेलच्या खोलीत सुरू होते. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला मला नवा रूममेट मिळाला. रोज सकाळी मेसच्या नाश्त्याआधी अर्धा तास तो एक पांढरी गोळी पाण्यात टाकायचा, चमच्याने ढवळत बसायचा आणि खडू कालवल्यासारखं ते पाणी नाक न मुरडता पिऊन टाकायचा. दर तीन आठवड्यांनी त्याची एक दांडी ठरलेली. कुठे गेला होतास विचारलं की म्हणायचा, "चार्जिंगला."

नंतर कळलं, त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. चार्जिंग म्हणजे रक्त चढवून घेणं. मी हे फोनवर आईला सांगितलं. आई ती आईच. पुढच्या वेळी घरून निघताना तिने माझ्या बॅगेत अळिवाचे लाडू आणि खजुराचा डबा कोंबला. "त्या पोराला दे रे, रक्त वाढतं याने."

त्याने एक लाडू खाल्ला आणि हसला. म्हणाला, "काकूंना सांग, लाडू एक नंबर. पण अरे, मला लोह कमी नाहीये. जास्त आहे. सकाळची ती गोळी लोह बाहेर काढायची आहे."

मी चक्रावलो. रक्त कमी आणि लोह जास्त? आणि लोह जास्त असेल तर ते आपोआप बाहेर का पडत नाही? घाम आहे, लघवी आहे, संडास आहे. शरीर रोज कचरा टाकतंच की! मग एका धातूसाठी वेगळी गोळी कशाला?

या प्रश्नाच्या उत्तराला शंभर वर्षांचा इतिहास आहे. आज तोच.

आधी कचऱ्याचं गणित

आपली लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. दर सेकंदाला शरीरात वीस लाखांहून जास्त लाल पेशी मोडीत निघतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. मोडीत काढायचं काम मुख्यतः प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी करतात.

त्या पेशी हिमोग्लोबिन फोडतात, तेव्हा दोन मुख्य गोष्टी उरतात. एक म्हणजे रंगद्रव्याचा सांगाडा. तो आधी हिरवा होतो, मग पिवळा. मुका मार लागल्यावर कातडीवरचा डाग काळानिळा, मग हिरवट, मग पिवळट होत जातो ना, तिथे हीच प्रक्रिया आपण डोळ्यांनी बघत असतो. हा पिवळा पदार्थ म्हणजे बिलिरुबिन. यकृत तो पित्तात सोडतं, आतड्यात त्याचं आणखी रूपांतर होतं, आणि शौचाला जो तपकिरी रंग असतो तो यातूनच येतो. म्हणजे या कचऱ्याचा निचरा एकदम व्यवस्थित आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे लोह. ते शरीर अजिबात टाकत नाही. दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम लोह जुन्या पेशींतून काढून नव्या पेशींत भरलं जातं. जेवणातून आत येतं ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. आणि तेवढंच बाहेर जातं, तेही आतड्याच्या आणि कातडीच्या पेशी झडतात त्यांच्यासोबत. बायकांचं पाळीच्या रक्तातून थोडं जास्त जातं. पण "आज लोह जास्त झालंय, चला बाहेर काढू" अशी काही सोयच शरीरात नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर मेमरी घेणारं फंक्शन आहे, सोडणारं लिहिलेलंच नाही. आत येणारं लोह मोजून घेतलं जातं, म्हणून एरवी प्रोग्रॅम क्रॅश होत नाही.

डेट्रॉइट, १९२५

आता इतिहास. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात थॉमस कूली नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे काही लहान मुलं यायची. पांढरीफटक पडलेली, प्लीहा वाढून पोट पुढे आलेलं, कपाळाची आणि गालाची हाडं वेगळीच रुंदावलेली. १९२५ मध्ये कूली आणि त्यांच्या सहकारी पर्ल ली यांनी या मुलांची नोंद छापली. ही मुलं इटली, ग्रीस अशा भूमध्य समुद्राकाठून आलेल्या कुटुंबांतली होती. या आजाराला 'कूलीज अनिमिया' हे नाव पडलं.

आज आपल्याला कारण माहीत आहे. हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. बीटा साखळीचं जनुक दोन्ही पालकांकडून बिघडलेलं आलं, तर बीटा साखळ्या पुरेशा बनत नाहीत. एकट्या पडलेल्या अल्फा साखळ्या पेशीतच साचतात आणि पेशी अस्थिमज्जेतच मरते. शरीर घाबरून मज्जा वाढवत सुटतं, म्हणून हाडं फुगतात. बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते पहिल्या काही महिन्यांत ओसरतं आणि मग आजार उघडा पडतो.

पुढचं पाऊल रॉचेस्टरमध्ये पडलं. जॉर्ज व्हिपल हे रक्त आणि पित्ताच्या रंगद्रव्यांवर आयुष्यभर काम केलेले शास्त्रज्ञ, १९३४ चे नोबेल विजेते. त्यांनी विल्यम ब्रॅडफर्ड यांच्यासोबत अशा मुलांच्या अवयवांचा अभ्यास केला. ग्रीक भाषेत समुद्राला 'थॅलासा' म्हणतात. त्यावरून 'थॅलेसेमिया' हे नाव त्यांनीच वापरात आणलं. आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं हे की, त्यांना या मुलांच्या अवयवांत लोहाचे साठे दिसले. रक्त कमी, तरी लोहाचे ढीग. तेव्हा हे कोडंच होतं.

आणि एक सांगतो, नाव समुद्राचं असलं तरी आजार फक्त तिकडचा नाही. भारतातला पहिला रुग्ण १९३८ मध्ये कोलकात्यात नोंदवला गेला.

स्वयंपाकघरात भेटलेले दोघं

कोड्याचं अर्धं उत्तर लंडनमध्ये निघालं, आणि तेही थॅलेसेमियाशी काही संबंध नसलेल्या दोघांकडून. १९३३ मध्ये किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात रॉबर्ट मॅकान्स नावाचे डॉक्टर शिजवलेल्या अन्नाचे नमुने घेत होते. तिथे त्यांना एल्सी विडोसन ही तरुण रसायनशास्त्रज्ञ भेटली. तिने त्यांना तोंडावर सांगितलं की फळांतल्या साखरेचे तुमचे आकडे चुकलेत. मॅकान्स चिडले नाहीत. त्यांनी तिला सोबत काम करायला बोलावलं, आणि ही जोडी पुढची साठ वर्षं टिकली. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करायची दोघांना सवयच होती.

त्या काळी लाल पेशी प्रमाणाबाहेर वाढण्याच्या एका आजारात पेशी फोडणारं औषध देत असत. या दोघांनी हिशेब मांडला. एवढ्या पेशी फुटल्या, एवढं लोह मोकळं झालं, तर ते लघवीत आणि शौचात दिसायलाच हवं. त्यांनी सगळं गोळा करून मोजलं. लोह जवळपास दिसलंच नाही! पुढे त्यांनी निरोगी माणसांना शिरेतून मोजून लोह दिलं. तरी तेच. आत गेलेलं लोह आतच राहिलं.

१९३७ मध्ये त्यांनी मांडलं की शरीरातलं लोहाचं प्रमाण बाहेर टाकून सांभाळलं जात नाही, ते आत घेतानाच सांभाळलं जातं. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की जास्तीचं लोह आतडं बाहेर टाकत असेल. कुणी नीट मोजलं नव्हतं, एवढंच.

पिशवीचं बिल

आता हे दोन धागे जोडा. थॅलेसेमियाच्या मुलाला जगवायचं तर रक्त चढवणं हाच उपाय. सुरुवातीला मूल अगदीच मलूल झालं की रक्त देत. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की हिमोग्लोबिन खाली जाऊच दिलं नाही, नियमित रक्त दिलं, तर मुलं खेळतात, वाढतात, चेहऱ्याची हाडंही कमी बिघडतात. मोठीच गोष्ट होती ही.

पण रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. मोठ्या माणसाला वर्षाला २५ पिशव्या लागल्या असं धरू. २५ गुणिले २०० म्हणजे ५ ग्रॅम. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून लोह असतं ३ ते ४ ग्रॅम. म्हणजे दरवर्षी एका अख्ख्या शरीराहून जास्त लोह आत येणार, आणि बाहेरचा रस्ता बंद.

ते लोह मग यकृतात साचतं. ग्रंथींत साचतं, म्हणून वाढ खुंटते, मधुमेह होतो, वयात येणं लांबतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हृदयात साचतं. नियमित रक्त मिळालेली मुलं बालपण पार करायची आणि विशीच्या आसपास हृदय बंद पडून जायची. जे रक्त जगवत होतं, त्याचंच बिल हृदय भरत होतं.

तुम्ही म्हणाल, रक्त काढून टाका ना. लोह साचण्याचा दुसरा एक आनुवंशिक आजार आहे, हिमोक्रोमॅटोसिस. त्यात खरंच तसं करतात. ठरावीक दिवसांनी रक्त काढतात, त्यासोबत लोह जातं. पण थॅलेसेमियात रक्ताचाच दुष्काळ. काढणार काय?

जिवाणूचा आकडा

दार सापडलं स्वित्झर्लंडमध्ये, आणि तेसुद्धा चुकून. १९६० च्या सुमारास बाझल शहरातली सीबा कंपनी आणि झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठातले शास्त्रज्ञ नवं प्रतिजैविक शोधत होते. मातीतल्या जिवाणूंपासून मिळालेल्या, लोह असलेल्या एका प्रतिजैविकावर काम चालू होतं. त्यात त्यांना असा एक पदार्थ सापडला जो त्या प्रतिजैविकाचा परिणामच मारून टाकायचा. त्यांच्या दृष्टीने ही कटकट होती. पण या पदार्थाची लोहावरची पकड जबरदस्त होती. 'स्ट्रेप्टोमायसिस पायलोसस' या जिवाणूपासून तो मिळवता येत होता. त्यातलं लोह काढून घेतलं की उरायचा रिकामा आकडा, दिसेल ते लोह पकडायला टपलेला. हेच डेस्फेरिऑक्सामिन.

आता गंमत बघा. जिवाणूला हा आकडा लागतो कशाला? मातीत लोह भरपूर असतं, पण गंजाच्या रूपात, सहज न विरघळणारं. म्हणून जिवाणू हा आकडा बाहेर फेकतो, लोह पकडतो आणि आत ओढून घेतो. म्हणजे लोह आत आणायचं हत्यार आपण लोह बाहेर काढायला वापरलं. माणसाच्या शरीरात हा आकडा लोह धरतो आणि लघवी-पित्तावाटे सोबत घेऊन जातो. औषध घेतल्यावर लघवी तांबूस-नारिंगी होते. मॅकान्स आणि विडोसन यांना मोजूनही जे सापडलं नव्हतं, ते आता नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

१९६० च्या दशकात हे औषध रुग्णांपर्यंत पोचलं. अडचण अशी की ते पोटातून घेता येत नाही आणि रक्तात काही मिनिटांतच कमी होतं. रोजची इंजेक्शनं टोचूनही लोह पुरेसं निघेना. १९७० च्या दशकात बोस्टनच्या डॉक्टरांनी तोडगा काढला. बॅटरीवर चालणारा छोटा पंप, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बारीक सुई, आणि रात्रभर थेंब थेंब औषध. रोज ८ ते १२ तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री, आयुष्यभर.

जी मुलं हे करत राहिली ती जगली, तिशी-चाळिशी पार करून गेली. पण कल्पना करा, पंधरा वर्षांचा मुलगा. मित्रांच्या घरी झोपायला जायचं, शाळेच्या सहलीला जायचं, आणि सोबत सुई. खूप मुलांनी कंटाळून पंप कपाटात टाकला, आणि त्याची किंमत मोजली.

मुंबईचा वाटा

आणि ज्यांच्याकडे पंपच नव्हता त्यांचं काय? औषध महाग, पंप महाग, सुया महाग. भारतातल्या बहुतेक कुटुंबांच्या हे आवाक्याबाहेर होतं. रक्त मिळायचं, पण दाराची किल्ली मिळायची नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये तोंडाने घेता येईल असा एक छोटा रेणू तयार झाला. नाव डेफेरिप्रोन. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांपैकी एक आपल्या मुंबईत झाली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात या गोळीला परवानगी देणारा जगातला पहिला देश होता भारत. सिप्लाने ती बाजारात आणली. युरोपात परवानगी मिळाली १९९९ मध्ये, अमेरिकेत थेट २०११ मध्ये.

ही गोळी निर्धोक होती असं नाही. काही रुग्णांत पांढऱ्या पेशी अचानक धोकादायक पातळीपर्यंत घसरतात, म्हणून सतत रक्त तपासत राहावं लागतं. तिच्यावरून परदेशात मोठे वादही झाले. पण ज्याच्यासमोर पर्यायच नव्हता, त्याच्यासाठी हा हिशेब वेगळा होता.

मग २००५ मध्ये अमेरिकेत डेफेरासिरॉक्सला परवानगी मिळाली. पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा घ्यायची गोळी. कंपनी नोव्हार्टिस, म्हणजे सीबाचाच वारसा सांगणारी, त्याच बाझल शहरातली. माझ्या रूममेटच्या मगमधलं खडूचं पाणी ते हेच!

याच सुमारास लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये एमआरआयने हृदयातलं लोह मोजायची पद्धत बसवली गेली. तोवर हृदय थकल्यावरच कळायचं. आता लोह कुठे साचतंय ते आधी दिसू लागलं, तसा औषधाचा डोस बदलता येऊ लागला, आणि हृदयामुळे होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

दारवान फसतो तेव्हा

व्हिपलचं कोडं राहिलंच. रक्त फारसं चढवलेलं नसतानाही मुलांच्या अवयवांत लोह आलं कुठून?

उत्तर २००० नंतर मिळालं. यकृत हेप्सिडिन नावाचं एक छोटं संप्रेरक बनवतं. हा आतड्याच्या दारावरचा वॉचमन. लोह पुरेसं असलं की दार लावून घेतो. थॅलेसेमियात अस्थिमज्जा सारखी ओरडत असते, "पेशी कमी आहेत, माल पाठवा!" त्या ओरड्याने हेप्सिडिन खाली येतं आणि दार सताड उघडं राहतं. गोदाम भरून वाहतंय, आणि गेटवर ऑर्डर येतेय की अजून आणा.

शरीराने असं दार एकतर्फी का ठेवलं? विचार केला तर चूक म्हणवत नाही. शाकाहारी जेवणातून लोह मुश्किलीने मिळतं, जखमा, जंत, बाळंतपण यांत रक्त जातं. अशा आयुष्यात लोह फेकणं परवडलंच नसतं. कुणी बाटलीतून रक्त आत सोडेल याची तयारी कुठल्या शरीराने केली असणार?

तसंच त्या बिघडलेल्या जनुकाचं. जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, त्यांनी १९४९ मध्ये सुचवलं होतं की हे जनुक एकाच बाजूने मिळालेल्या माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळत असावं. म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात ते टिकलं. पुढच्या संशोधनाने याला बराच आधार मिळाला.

आपला प्रश्न

हे एकच जनुक बिघडलेल्या माणसाला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. तो आजारी नसतो. भारतात शंभरात साधारण तीन-चार जण असे आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत प्रमाण जास्त, पण कुठलाच समाज सुटलेला नाही. नवरा-बायको दोघंही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मेजर बाळाची. देशात दरवर्षी अशी १० हजारांच्या आसपास बाळं जन्मतात असा अंदाज आहे. सायप्रसमध्ये दर सात माणसांत एक मायनर होता, तरी १९७० च्या दशकापासून सगळ्यांची तपासणी करून त्यांनी नवे जन्म जवळपास शून्यावर आणले.

माझ्या मित्राच्या आई-बाबांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. तो सात महिन्यांचा असताना पांढरा पडू लागला. गावाकडच्या एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. चार महिने. "बाहेरचा रस्ता बंद असलेल्या खोलीत अजून सामान भरत होते," तो म्हणतो. रागाने नाही म्हणत, पण मला ते ऐकताना आजही कसंतरी होतं. मायनर लोकांच्या बाबतीतही असं होतं. रिपोर्टमध्ये पेशी लहान दिसतात, हिमोग्लोबिन जरा कमी दिसतं, आणि लोहाची कमतरता समजून महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात. काहींना लोह खरंच कमी असतंही. म्हणून आधी फेरिटिन तपासा, डॉक्टरांना विचारा.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने १९८० च्या दशकापासून हा आजार बरा होतोय, आणि २०२३ मध्ये ब्रिटनने जनुक-संपादनाच्या उपचारालाही मान्यता दिली. दोन्ही महाग, दोन्ही सगळ्यांना मिळत नाहीत. आणि बरं झाल्यावरही जुनं साचलेलं लोह तसंच असतं, ते वेगळं काढावं लागतं. फक्त तेव्हा रक्त स्वतःचं असतं, त्यामुळे थोडं थोडं रक्त काढून लोह कमी करता येतं. शंभर वर्षांनी अखेर तोही उपाय चालतो!

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी मित्राला फोन केला. तो आता पुण्यात आहे, नोकरी करतो, तिसऱ्या आठवड्याला चार्जिंग चालूच आहे. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "तू स्वतःची टेस्ट केलीस का रे?"

केली नव्हती. सात वर्षं ओळखतो त्याला, आणि केली नव्हती. परवा सकाळी लॅबमध्ये जाऊन एचपीएलसी करून आलो. एका पिझ्झाचे पैसे, एक सुई. रिपोर्ट आला, मी मायनर नाही. आईलाही सांगितलं. ती हल्ली माझ्यासाठी पत्रिका बघतेय. म्हणाली, "मग मुलीकडच्यांनाही विचारायचं का हे?" मी म्हटलं, "विचार. आणि त्यांनी विचारलं तर राग मानू नकोस."

तुम्हीही करून घ्या. आणि जमलं तर रक्तदान करा. ते आत कसं जातं आणि त्यातलं लोह बाहेर कसं निघतं, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!